धुरावाचून रथसप्तमी

जो उगवताना कोणाचे दार लहान की मोठे हे पाहत नाही आणि मावळताना दिलेल्या प्रकाशाची परतफेड मागत नाही, त्या सवित्याला प्रथम नमस्कार. माघ शुद्ध सप्तमी होऊन गेली. अंगणात काढलेल्या रथाच्या रांगोळीतले घोडे वाऱ्याने पुसट झाले आहेत. चाक तेवढे अजून शाबूत आहे. तेही पुसले जाण्याआधी यंदाच्या रथसप्तमीची हकीकत लिहून ठेवावी असे वाटले. आमच्या घरात यंदा सूर्याची पूजा झाली ती धुरावाचून झाली, आणि ती तशी का झाली हे सांगायचे तर मला आधी भांडगावच्या आमच्या धाब्यावर चढावे लागेल.

माझे बालपण दौंड तालुक्यातल्या भांडगावात गेले. घर शेतकऱ्याचे, भिंती मातीच्या आणि छतही मातीचेच, सपाट. त्या छताला आम्ही धाबे म्हणत असू. हिवाळ्यात ऊन अंगावर घेण्याजोगे झाले की आई पाळण्यातल्या भावंडाला घेऊन वर येई. पाय पसरून त्यांवर बाळाला पालथे घाली, करडईचे तेल जिरवी, आणि मग त्याला गोधडीवर उघडेच टाकून देई. बाळ मुठी चावत पडलेले असे आणि आई शेजारी शेंगा फोडत बसे. उन्हाळ्यात तेच धाबे वाळवणाने भरून जाई. कुरडया, सांडगे, पापड. कावळे हाकण्याचे काम माझ्याकडे आणि माझ्या थोरल्या बहिणीकडे असे. आक्का काठी माझ्या हाती देई आणि स्वतः कुरडयांच्या अर्धवट वाळलेल्या कडा मोडून खाई. आई खालून विचारी, "कावळं लई झालेत का गं?" आक्का तोंडातला घास गिळून उत्तर देई, "व्हय, लईच." ऊन आमच्या पाठीवर पडे, मानेवर पडे, कोणी ते मोजून घेत नव्हते. ते घ्यायचे असते हेदेखील कोणाला ठाऊक नव्हते.

आणि त्या उन्हाबरोबर धूर असे. तेल लावलेल्या बाळाला न्हाऊ घातले की शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा आणि लसणाची टरफले टाकून त्याला धुरी द्यायची, ही रीत होती. चुलीचा धूर तर घराचा रहिवासीच. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्या रचत, त्यांवर संक्रांतीचे मातीचे बोळके ठेवून दूध तापवत. ते उतू जाऊन पूर्वेकडे ओघळले की आई हात जोडी. तिच्या डोळ्यांत पाणी असे. ते भक्तीचे की धुराचे, हे मला कधी कळले नाही. आम्ही सारी मुले त्या काळी निरोगी होतो असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. चुलत घरातली एक मुलगी हिवाळाभर धापा टाकी. तिला पडवीच्या टोकाला बसवत, आणि बाळदमा आहे, मोठेपणी जाईल, असे म्हणत. आठवणींना गोडी चढते तेव्हा ती मुलगी मला दिसेनाशी होते, म्हणून मी तिला मुद्दाम इथे बसवून ठेवतो.

वडिलांनी मला पाठशाळेत घातले, पुढे मी शिरूरला शाळेत संस्कृत शिकवू लागलो आणि इथलाच झालो. घोड नदीवर पहाटे अर्घ्य द्यायला जाणे गुडघ्यांनी बंद केले. आता अंगणातल्या तुळशीपाशी उभा राहून देतो. पत्नी जाऊन बरीच वर्षे झाली. घरात मुलगा, सूनबाई आणि दुसरीत शिकणारी नात. मुलगा रांजणगावच्या कारखान्यात आहे, कंपनीच्या बसने जातो आणि शिफ्ट संपली की त्याच बसने परत येतो.

नातीला जन्मापासून त्वचेचा त्रास. गुडघ्यांच्या मागे आणि कोपरांच्या खळग्यांत कातडी लाल होई, खाजवून ओली होई. पुढे शिंका आल्या, आणि त्यांच्यामागून धाप आली. दोन वर्षांमागे भर दुपारी बाजारपेठेत मिरच्यांचे पोते झटकले गेले आणि तिचा श्वास असा अडकला की सूनबाई तिला उचलून धावतच दवाखान्यात गेली. त्या दिवसाने सूनबाईला बदलले. तिने खिडक्यांना काचा लावून घेतल्या, त्या बंद ठेवल्या. रस्त्याची धूळ, रिकाम्या प्लॉटवरचे गाजरगवत, उसाचे जळते पाचट, सारे बाहेर. मुलगी बाहेर पडली तर पूर्ण बाह्या, पायमोजे, तोंडाला ओढणी. ऊन हवे म्हणून अभ्यासाचे टेबल पूर्वेच्या खिडकीशी लावले होते. ऊन काचेतून वहीवर पडे, आणि ते पाहून आम्हा सर्वांचे समाधान होई.

गेल्या वर्षीच्या रथसप्तमीला नातीने अंगणातला सोहळा त्याच काचेमागून पाहिला. गोवऱ्यांचा धूर होता, म्हणून तिला खोलीत ठेवले होते. मी आत आलो तेव्हा तिने विचारले, "आबा, सूर्याला मी काचेतून दिसते का?"

मी म्हणालो, "दिसतेस की."

"मग तो माझ्याकडे का नाही बघत? सगळा वेळ दुधाकडेच बघत होता." मग ती म्हणाली, "पुढच्या वर्षी दूध मी ओतणार."

मी हो म्हटले. मुलांना दिलेला होकार मुले विसरतात असा मोठ्यांचा समज असतो. ही विसरली नाही. गणपतीत विचारले, दिवाळीत विचारले, "रथसप्तमीला मी अंगणात ना?"

मार्गशीर्षात तिची खाज वाढली आणि पाय दुखतात अशी तक्रार सुरू झाली, तेव्हा आम्ही तिला शिरूरच्याच बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. या डॉक्टरीणबाई माझ्या जुन्या विद्यार्थिनी. रक्ताची तपासणी झाली. अहवाल पाहून त्या म्हणाल्या, "सर, हिचं ड जीवनसत्त्व फार कमी आहे. ऊन मिळत नाही हिला."

मला ते सहज गिळता आले नाही. मी म्हणालो, "बाई, आमच्या घरात रोज सूर्याला अर्घ्य दिलं जातं."

"तुम्ही देता सर. हिला काय मिळतं?"

सूनबाईने खिडकीजवळच्या टेबलाचे सांगितले. बाईंनी मान हलवली. "काचेतून ऊब येते, उजेड येतो. कातडीत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते. आणि पहाटेच्या तिरप्या उन्हातही ते फारसे नसतात. ऊन जरा वर आल्यावर, हातपाय उघडे ठेवून, थोडा वेळ. भाजेपर्यंत नाही."

मुलगा सुट्टी काढून आला होता. त्याने उत्साहाने विचारले, "म्हणजे हे भरून काढलं की अ‍ॅलर्जी जाईल?"

"असं मी म्हटलं नाही," बाई हसल्या. "दमा, खाज, शिंका असलेल्या मुलांमध्ये हे जीवनसत्त्व बऱ्याचदा कमी आढळतं, हे खरं. त्याचा शरीराच्या संरक्षणाशी संबंध आहे, हेही खरं. पण कमी होतं म्हणून अ‍ॅलर्जी झाली, की अ‍ॅलर्जी होती म्हणून मूल घरात राहिलं आणि त्यामुळे कमी झालं, हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. त्यावर अजून अभ्यास चालू आहे. काहींना भरून काढल्यावर थोडा फरक पडतो, काहींना नाही. हाडांसाठी तर ते हवंच." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, तुम्हीच वर्गात सांगायचात, दोन गोष्टी शेजारी दिसल्या म्हणजे एक दुसरीची आई होत नाही."

हे मी कधी म्हटले होते ते मला आठवले नाही, पण ऐकून बरे वाटले. बाईंनी दुधातून घ्यायची पुडी लिहून दिली, तीही सांगितली तेवढीच घ्यायची, लवकर गुण यावा म्हणून जास्त नाही. आणि दम्याचा, तोंडाने ओढायचा पंप बंद करायचा नाही, हे त्यांनी सूनबाईकडून वदवून घेतले.

घरी आल्यावर मी बराच वेळ तुळशीपाशी बसलो. पूषा हे सूर्याचे जुने नाव. पूषा म्हणजे पोसणारा. तो बाहेर ताटकळत होता, आणि आम्ही त्याची पूजा करून आत मुलीला झाकून ठेवत होतो. यात कोणाचा दोष होता असे मला वाटत नाही. मुलीची आई भ्याली होती, आणि भिण्यासारखे खरोखर घडले होते.

नातीची शाळा दुपारची असल्याने सकाळ मोकळी होती. सूनबाई तिला गच्चीवर नेऊ लागली, पण तिचे लक्ष उन्हापेक्षा वाऱ्याकडे अधिक. कुठे पाचट पेटले की दोघी खाली. अशी चढउतार चालू असताना संक्रांत झाली आणि भांडगावहून आक्का आली. चौफुल्याहून न्हावऱ्यामार्गे येणाऱ्या एसटीने एकटी आली. एका पिशवीत करडईचे तेल आणि संक्रांतीचे बोळके, सोबतच्या पोत्यात रथसप्तमीसाठी घरच्या गोवऱ्या.

"आरं मास्तर," पोते उतरवताच ती मला म्हणाली, "शिरूरला ऊन येत न्हाई का? पोरीच्या अंगात ऊन कमी पडलंय म्हनं."

"येतं आक्का, आम्हीच घेतलं नाही."

"तुला बारा नावं पाठ हायेत त्याची. एका तरी नावानं हाक मारून गच्चीवर बोलवायचं की."

दुसऱ्या दिवसापासून गच्चीचा ताबा तिने घेतला. नातीला झबले घालून सतरंजीवर बसवायची, खरचटलेल्या जागा टाळून हातापायांना तेल लावायची. समोर दोघींनी मिळून तांदळाच्या पापडांचे वाळवण घातले, कावळे हाकायला नातीच्या हाती काठी दिली. मी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसे. एकदा आक्का कोपऱ्यात पाठ करून ओला पापड खाताना नातीने तिला पकडले. "आज्जी, कावळे तर खाली आहेत. मग पापड कोण खातंय?" आक्का तोंड पुसून म्हणाली, "लई थोरला कावळा हाय, तुला दिसायचा न्हाई." मी हसलो ते आवाज न करता; भांडगावच्या धाब्यावरही मी असाच हसत असे.

सूनबाईनेही हळूहळू वर येणे कमी केले. खालून फक्त विचारी, "आत्या, वारा सुटला नाही ना?"

मग एका सकाळी मला ओव्याचा वास आला.

त्या वासाने मला क्षणभर आईच्या पडवीत नेले. भानावर येऊन मी न्हाणीघराकडे जाईपर्यंत सूनबाई माझ्या पुढून गेली होती. नातीला न्हाऊ घालून आक्काने पाटावर बसवले होते, टॉवेल पांघरला होता, आणि शेजारी लोखंडी पळ्यात निखाऱ्यांवर ओवा टाकला होता. नात खोकत होती, मग खोकला थांबला आणि छातीतून शिटीसारखा आवाज येऊ लागला. सूनबाईने पळा मोरीत ओतला, मुलीला ओसरीत आणून ताठ बसवले, पंपाला प्लास्टिकची नळी जोडून तिच्या तोंडाला लावली. "सावकाश ओढ. अजून. हां." मुलगी आईच्या डोळ्यांत बघत ओढत राहिली. थोड्या वेळाने शिटी बारीक झाली, आणि थांबली.

सूनबाई उठली. तिने गच्चीचे दार लावले, मग एकेक खिडकी. ती रागावली असती तर आक्काला सोपे गेले असते.

दुपारी आक्का माझ्याजवळ येऊन बसली. "तेल लावलं, ऊन दिलं, न्हाऊ घातलं. मग धुरी नगं का? आपल्याला दिली, माझ्या पोरांस्नी दिली. म्या काय इख दिलं व्हय तिला?"

"नाही आक्का."

"मला कुनी सांगितलं न्हाई."

खरोखर कोणी सांगितले नव्हते. ऊन द्या, असे सगळे म्हणाले होते. आणि आमच्या घरांत ऊन कधी एकटे आलेले नाही. तेल, ऊन, अंघोळ आणि धुरी ही आक्काच्या हाताला एकच गोष्ट होती. तिच्या मनात त्यांच्यामध्ये सांधा नव्हता, मग तो ती कुठे उसवणार.

"उद्याच्या गाडीनं जाते म्या," ती म्हणाली. रथसप्तमी तोंडावर आली होती.

संध्याकाळी नात माझ्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. आत आली नाही. "आबा, आता मला रथसप्तमीला काचेतून बघावं लागेल का?" उठून स्वयंपाकघरात गेलो.

सूनबाई पोळ्या लाटत होती. मी म्हणालो, "सूनबाई, गच्चीचं दार पुन्हा कधी उघडायचं, ते तुम्ही ठरवा. कोणी काही म्हणणार नाही. पण मला एवढं सांगा, भीती कशाची वाटते?"

तिचे लाटणे थांबले नाही. "उन्हाची नाही वाटत आबा. पुडी आणि ऊन सुरू झाल्यापासून तिच्या पायांचं दुखणं कमी झालंय, मला दिसतं ते. मला धुराची भीती वाटते. आत्यांना मी काय बोलणार? त्यांनी मायेनंच केलं." मग तिने माझ्याकडे पाहिले. "आणि परवा तुम्ही स्वतःच अंगणात गोवऱ्या पेटवणार ना?"

आईचे हात, ते बोळके, पूर्वेला ओघळणारे दूध, हे सारे माझ्या मनात ज्या धुरात होते त्यातून ते बाहेर काढता येईल का, असे मी कधी स्वतःला विचारलेच नव्हते. पण सूर्याने कोणत्या इंधनावर दूध तापवा म्हणून सांगितल्याचे मला आठवेना. सांगितले ते आमच्या चुलींनी. मी म्हणालो, "यंदा गोवरी नाही. मुलगी अंगणात राहील."

आक्काला हे सांगणे अधिक अवघड होते. ती म्हणाली, "गोवरीबिगर दूध उतू जातं व्हय कुठं?"

शिफ्टवरून नुकताच आलेला मुलगा बूट काढता काढता म्हणाला, "आत्या, तुम्ही उद्या जाऊ नका. वायर मी ओढतो. अंगणात इंडक्शन लावू."

"ते काय असतंय?"

"आग न लागता तापतं."

आक्काने माझ्याकडे पाहिले, जणू मी मुलाला नीट शिकवले नव्हते. पण ती थांबली. बहुधा हा चमत्कार फसताना पाहण्यासाठी थांबली असावी.

रथसप्तमीला पहाटेचे अर्घ्य मी एकट्याने दिले. ऊन चांगले वर आल्यावर सगळे अंगणात जमले. नात आखूड बाह्यांच्या फ्रॉकमध्ये, तोंडावर ओढणी नाही. सूनबाईच्या कुडत्याच्या खिशात पंप होता. तो मला दिसत होता आणि दिसावा असाच तिने ठेवला होता. रांगोळीच्या रथापुढे पाटावर इंडक्शनची काळी शेगडी. आक्काने आपल्या हाताने बोळके तिच्यावर ठेवले, नातीने दूध ओतले, मुलाने बटण दाबले. शेगडी दोनदा किंचाळली आणि बंद पडली.

"काय म्हनती?" आक्काने विचारले.

मुलाने डोके खाजवले. "मातीचं भांडं नाही चालत हिला. विसरलोच."

"हिला मातीची वळखच न्हाई म्हंजी," आक्का म्हणाली, आणि त्या सकाळी प्रथमच मनापासून हसली. मी देवघरातली तांब्याची वाटी आणली. शेगडीने तीही नाकारली. दूध बोळक्यात, ऊन डोक्यावर, आणि आम्ही सगळे त्या काळ्या काचेभोवती उभे. नात रडवेली झाली होती. मुलगा म्हणाला, "आत गॅसवर तापवून आणू का?" ती म्हणाली, "मग सूर्याला कसं दिसेल?"

तेवढ्यात सूनबाई घरात गेली आणि एक लहानसे स्टीलचे पातेले घेऊन आली. त्याची एक कड चेपलेली होती. नातीच्या पुडीचे दूध त्याच पातेल्यात तापवले जाते. सूनबाईने ते आक्काच्या हातात दिले. "आत्या, तुम्हीच ठेवा."

आक्काने ते उलटसुलट करून पाहिले, पदराने पुसले, त्याला हळदीकुंकवाचे बोट लावले आणि शेगडीवर ठेवले. बोळक्यातले दूध नातीने त्यात ओतले. शेगडी गप्प राहिली आणि थोड्याच वेळात दुधाच्या कडेला बारीक बुडबुडे आले. नात गुडघ्यांवर बसून डोळे न हलवता पाहत होती. दूध एकदम वर चढले आणि चेपलेल्या कडेवरून ओघळले. ती कड पूर्वेला कोणी केली होती ते मला ठाऊक नाही. मी आक्काकडे पाहिले, तिने दुसरीकडे पाहिले. दूध काचेवर पसरताच शेगडीने पुन्हा आवाज केला आणि ती आपोआप थांबली.

"बास झालं, पोट भरलं म्हनतोय सूर्यदेव," आक्का म्हणाली.

मी हात जोडले. हवा स्वच्छ होती, डोळे झोंबण्याचे काही कारण नव्हते, तरी माझ्या डोळ्यांत पाणी आले. आईच्या डोळ्यांतले पाणी कशाचे असे, त्याचे उत्तर मला बहुधा तिथे मिळाले.

नात काही पूर्ण बरी झालेली नाही. परवाच तिला शिंकांनी बेजार केले, आणि पंप अजून चालू आहे. डॉक्टरीणबाईंनी जे निश्चित म्हणून सांगितले नाही, ते मीही इथे निश्चित म्हणून लिहीत नाही. पण गच्चीचे दार रोज उघडते. आक्का भांडगावला परत जाताना गोवऱ्यांचे पोते इथेच ठेवून गेली. सूनबाईने त्या फोडून परसातल्या कढीपत्त्याच्या मुळाशी घातल्या. बोळके मी देवघरात ठेवले आहे. पातेले मात्र स्वयंपाकघरातच आहे, रोजच्या कामावर.

हे वाचणाऱ्या तुमच्या घरावर तो पोसणारा कृपा ठेवो. तुमच्या अंगणात ऊन पडो आणि ते घ्यायला तुमची मुले बाहेर असोत. त्यांचा श्वास मोकळा चालो, त्यांची हाडे बळकट होवोत, आणि त्यांच्या आयांच्या मनातली भीती दिवसादिवसाने थोडी थोडी उतरत जावो. शुभं भवतु.